पेंडीचं पोतं

हसा की. दाबून कशाला हसतासा सर, पोटात कळ यायची — सकाळधरनं अख्खा दूध कट्टा हसून गेला, तुमी एकटं न्हाय हसला म्हणून काय तुमचा सत्कार करणार न्हाय कोण. व्हय, पातळच हाय. बायकोचं. प्यांटीवरनं गुंडाळलंय, नीट नेसाय कुठं येतंय मला — निऱ्या घालाय गेलो तर त्याची झाली मोळी. फोटो? काढा की, त्यात काय इचारायचं! थांबा, पदर घेतो डोस्क्यावर — हां, आता काढा. मिशी आली पायजे फोटोत, न्हायतर लोकं म्हणतील केरबानं दुसरी आणली. टाका स्टेटसला, बघू दे सगळ्या राजारामपुरीला. आणि असं करा सर, ग्लास घिऊन त्या अंगाला हुबं ऱ्हावा, म्हशीच्या पलीकडं, आणि कासरा धरा जरा हातात. भ्याऊ नगासा, लाथ मारली तर हिकडं मारती ती. हिकडं म्हंजे मला.

तर कसं हाय — ही हरणी दूध देती ते फकस्त आमच्या धोंडुबाईला. दुसऱ्या कुणाचा हात लागला की कास दगडावानी. म्हस पान्हा चोरती सर. दूध असतंय आत, गच्च भरून असतंय, पर सोडत न्हाय, वर वढून घेती. आता तुमी म्हणशीला, केरबा, म्हशीचा मालक तू, कट्ट्यावर तीस वर्सं तू हुबा, आणि तुला धार काढाय येत न्हाय? येती की! हात येतोय, म्हस देत न्हाय, त्याला मी काय करू? माझं काम ह्या अंगाला कवा नव्हतंच. मी त्या अंगाला, तुमी हाईसा तिथं — कासरा धरायचा, पेंड टाकायची, गिऱ्हाईकाचा ग्लास फुडं करायचा, चार गोष्टी बोलायच्या. धार तिची. आता ती गेलीया पेठ वडगावला भावाकडं, भावाच्या नातवाचं बारसं हाय. बारा दिस झालं. काय म्हणलासा? बारसं बारा दिस चालतंय व्हय? चालतंय की. आमच्यात मोठं असतंय बारसं.

पयल्या दिशी बसलो तसाच, बनियनवर. चरवी एकीकडं, मी एकीकडं. दुसऱ्या दिशी रेडकू सोडलं — म्हणलं ते प्यालं की पान्हवंल, मग मी बसतो. त्ये प्यालं, ढुसण्या मारल्या, पोट भरून बाजूला झालं, आणि मी हात लावला की झालं, कवाड बंद! मग म्हणलं जुन्या लोकांची युक्ती करावी. आमचा बा करायचा — आय बाळंतपणाला गेली की बा तिचं लुगडं नेसून धारंला बसायचा. म्हस वासावर असती सर, तिला वाटतंय मालकीणच आली. आमी सात भावंडं, म्हंजे बघा बा सात येळा तरी लुगड्यात गेला आसंल. तवा तिसऱ्या दिशी पातळ, पर अंधारात, कट्ट्यावर माणूस याच्या आदी — उजेडात आजच बसलोय असा. चवथ्या दिशी तिचा साबण लावून आंघोळ. पाचव्या दिशी म्हणलं बांगड्यांचा आवाज लागत आसंल हिला, तर त्या काय ह्या पंजात शिरंनात, मग सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या — ह्या बघा. ऐका. वाजत्यात का न्हाय? वाजत्यात. पर दूध? तांब्याभर, ते बी उपकार केल्यावानी. ओ पावणं, आज न्हाय दूध हितं, फुडल्या म्हशीकडं जावा! — व्हय, पातळच हाय, जावा की गपगुमान.

मग शेजारची अंबूबाई म्हणली, आवो केरबादाजी, नुसतं पातळ गुंडाळून काय हुतंय? ती बोलायची म्हशीसंगं. धारंला बसली की तोंड चालूच तिचं, चरवी भरूस्तवर. बोलल्याबिगर न्हाय सोडायची ती पान्हा. आता आली का पंचाईत! बोलायची ते मलाबी ठाऊक हाय. ऐकू यायचं की — असं गुणगुण, गुणगुण, रेडिओ शेजारच्या घरात लागल्यावानी. पर काय बोलायची? मी म्हणलं बोलण्यालाच म्हत्त्व आसंल, शबुद कुठलंबी चालतील, तिला काय कळतंय. तर परवा मी हरणीला फुटबॉलची अख्खी मॅच सांगितली. पयल्या हाफपासनं. कोण ऑफसाइड हुता, रेफ्री कसा खुळा हुता, समदं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं सर. असं बघितलं — काय सांगू — लगीन झाल्यावर पयल्या रंगपंचमीला आमची सासू बघितलती तसं.

आणि मग मला तुमची याद आली. तुमचा बोर्ड बघितला की मी राजारामपुरीत, केवढा मोठा! हनुवटीखाली हात घेतल्याला तुमचा फोटो, आणि शेजारी — ‘प्रत्येक क्षण भरभरून जगा.’ तीन दिसांचं निवासी शिबिर, पन्हाळ्यावर. खाली बारीक अक्षरात काय काय हुतं — मनापासून ऐका, समोरच्यापाशी हजर ऱ्हावा, नाती जपा. मी सिग्नलला थांबून समदं वाचलं, मागनं रिक्षावाला शिव्या घालत हुता तरीबी वाचलं. कुणीतरी म्हणलं, शिबिरात मोबाईल दारातच टोपलीत काढून घेत्यात, देवळात चपला काढत्यात तसं. म्हणलं वा! माणूस आपला रोजचा गिऱ्हाईक हाय, सहा वर्सं सकाळचा ग्लास आपल्याकडं पितोय, आणि आपण खुळ्यावानी अंबूबाईला इचारत बसलोय. ह्यांचा धंदाच ऐकायचा हाय. हं म्हणा, काय म्हणा, लाजू नगासा.

न्हाय म्हंजे मलाबी काय ऐकू येत न्हाय अशातला भाग न्हाय. मी बोलतोय चार लोकांत, मला माणसं लागत्यात. आणि नवरा म्हणून वंगाळ हाय का मी? दारू न्हाय. हात उगारला न्हाय कवा. तंबाकू तेवढी, ती बी तीच मळून द्यायची. दिवाळीच्या पाडव्याला बघितलासा न्हवं हरणीला, शिंगं रंगवल्याली, अंगावर झूल, मी म्होरं फटफटीवर आणि मागं ही पळत्याली — एका हाकंवर! लोकं शिट्ट्या मारत्यात. पेपरात फोटो आलता, माझा आणि हरणीचा, घरात लावलाय भिंतीवर. त्यात धोंडुबाईबी हाय. कडंला. नुसता हात हाय म्हणा, बादली धरल्याला, पर हाय. शिंगं तिनंच रंगवलेली, झूलबी तिनंच शिवल्याली. तरी ती काय म्हणली न्हाय. म्हंजे म्हणली आसंल, हरणीला म्हणली आसंल. तेच तर शोधतोय मी.

फोन केलता की वडगावला. पयल्यांदा लावला तर गणपतरावाचा नातूच पळत आला फोन घ्याय — गणपतराव म्हंजे मेव्हणा माझा — म्हणला कोण बोल्तंय, मी म्हणलं अरं आज्जीला दे... आता... म्हंजे त्यो पळत आला म्हंजे... बारसं झाल्यालं हाय त्याचं. दोन वर्सं झाली. जाऊ द्या. तुमी ‘हं’ म्हणून सोडून दिलासा, दुसरा कोण असता तर खोडून काढलं असतं मला. मोठं मन हाय तुमचं. आता सांगतोच. बारसंबिरसं काय न्हाय.

असाच सकाळचा टाईम. ती हितं, मी तिथं. माझं मोबाईलवर ग्रुपवर चाललेलं, तालमीच्या पोरांचं भांडण, कोण कुणाला काय म्हणला ते वाचत हुतो. हिचं चालूच, गुणगुण गुणगुण. आणि मला एक सवय हाय सर — तिचा आवाज जरा थांबला की ‘व्हय व्हय’ म्हणायची. म्हंजे गाडी चालू हाय एवढं तिला कळतंय. तीस वर्सं ‘व्हय व्हय’वर संसार झाला, एक दिस बिघडलं न्हाय. तर ती म्हणली — हे मला नंतर गणपतरावानं सांगितलं, मला त्या येळंला काय ठाऊक — ती म्हणली, “आवो, मी जाते आता भावाकडं. परत न्हाय यायची.” आणि मी म्हणलो, “व्हय व्हय. जाताना पेंडीचं पोतं झाकून जा.”

हसलासा न्हाईसा. बरं केलासा.

ते पोतं, त्ये बघा, आमच्या घराच्या भिताडाला. ढग आलतं त्या दिशी, पेंड भिजली की बुरसटती, म्हणून म्हणलो मी. दुपारपत्तोर मला ठावंच न्हाय. दोन वाजलं, ताट न्हाय. म्हणलं गेली आसंल कुठं भिशीला. चार वाजलं, चहा न्हाय. मग उठलो आणि बघतोय तर पोत्यावर प्लास्टिक घातल्यालं, चारी बाजूनं खोचल्यालं, वर दोन विटा ठेवल्याल्या. एक न्हाय, दोन. वाऱ्यानं उडू न्हाय म्हणून. म्हंजे घर सोडून निघाल्याली बाई, पिशवी भरून दारात ठेवल्याली, आणि माघारी वळून माझ्या पेंडीवर विटा ठेवून गेली. मी त्या विटा हलवल्या न्हाईत दोन दिस. म्हशीला उपाशी ठेवली म्हणा की, गवतावर. मग तिसऱ्या दिशी काढल्या.

फोनवर ती काय येईना. गणपतराव मधे. म्हणला, “दाजी, अक्का म्हणती, धारंला बसल्यावर मी रोज काय म्हणत हुते त्यातलं एक वाक्य सांगा. एकच. सांगितलं की निघती ती.” आता बघा, केवढी सोपी परीक्षा! तीस वर्सांतलं एक! मी म्हणलं, “‘आणा हिकडं ग्लास.’” तर मागनं तिचा आवाज आला — “ते मी गिऱ्हाईकाला म्हणायची.” मग म्हणलं, “‘सोड गं बाई पान्हा.’” तर म्हणली, “ते कुठलीबी बाई कुठल्याबी म्हशीला म्हणती.” आणि फोन बंद. त्याच्यावर अजून चार फोन केले. एकदा डोस्कं चालवून ‘पाय दुखत्यात माझं’ म्हणून सांगितलं, बायका म्हणत्यातच की कवा ना कवा. गणपतराव म्हणला, अक्का रडाय लागली. म्हणलं आलं बरोबर! तर न्हाय. म्हणला, अक्का म्हणती, ते मी कधीच म्हणले न्हाय, आणि दुखत तर हुतं.

तवा सर, आता मुद्द्याचं. सहा वर्सं तुमी रोज हितं हुबं. एक ग्लास फेसासकट, साखर न्हाय. मी नव्हतो ऐकत, कबूल, गाढव हाय मी. पर तुमी शिकल्याली माणसं, तुमचा ह्यातच हातखंडा. काय म्हणायची ती? एखादं वाक्य. अर्धं चालंल. कुणाचं नाव घ्यायची का? सून, पोरगी असं काय तर? आमास्नी पोर न्हाय, म्हणून इचारतो... काय? हं? आठवतंय? आठवा, आठवा, घाई न्हाय. मी बसतो हितंच.

बसून बसून एक सांगू तुमास्नी? ही जागा लई वायली हाय. तीस वर्सांत मी हितं कवा बसलो नव्हतो. हितं उकिडवं बसलं की डोळ्याम्होरं नुसतं म्हशीचं पोट. काळं, भिताडावानी. पलीकडचा माणूस दिसत न्हाय, तोंड न्हाय, छाती न्हाय. पोटाच्या खालनं पाय तेवढं दिसत्यात. तुमचं बूट दिसायलेत मला आत्ता, पांढरं, हिरवी पट्टी. डाव्याची नाडी सुटलीया, बांधा, अडखळशीला. तर म्हंजे ती हितं बसायची आणि तिला माझी पायताणं दिसायची. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. हरणी, हरणीची आय, तिची आय, तीन म्हशी झाल्या, पायताणाचं किती जोड झालं आसतील देव जाणे. आणि मी आपलं समजायचो की म्हशीसंगं बोलतीया.

म्हशीसंगं न्हवती बोलत ती, सर. पायताणासंगं बोलत हुती.

आयला. हे आत्ता कळायलंय मला. बोलता बोलता. म्हणजे बघा, म्हशीला काय कळणार पाय दुखतंय का काय दुखतंय, म्हशीला काय करायचंय? पलीकडं माणूस हुबा हाय, नवरा हाय, त्यो ऐकंल म्हणून बोलायची. आणि त्यो म्हणायचा व्हय व्हय. आणि ह्या येड्या बाईला वाटायचं, ऐकतोय. कवातरी तिला संशय आला आसंल. मग म्हणली आसंल, बघू तर खरं. जाते म्हणली. आणि मी म्हणलो... आता किती येळा सांगू ते.

मला दुधाचं काय पडल्यालं न्हाय सर. म्हस आटली तर आटू दे. घरात गेलो की भांड्याचा आवाज न्हाय. मी एकटाच बोलतो आणि एकटाच व्हय व्हय म्हणतो. ती पायजे मला. सत्तावन्न वर्साचा घोडा झालोय, मिशी पिकली, आणि काल तिच्या उशीत तोंड घालून — हरणे, सरक की मागं, कशाला चाटतीस — उशीत तोंड घालून झोपलो, बस्स. धोंडुबाई म्हणत न्हाय मी तिला, धोंडे म्हणतो. म्हणायचो. लगीन झालं तवा पन्हाळ्यावर न्हेलती, एस्टीनं. तिथं ती दिसभर बोलत हुती आणि मी दिसभर ऐकत हुतो, आणि मला लई भारी वाटत हुतं. कवा बंद झालं ऐकायचं ते ठाऊकच न्हाय. कुणी बंद कर म्हणून सांगितलं न्हवतं की—

अरं! अरं, आली! आली ओ सर, धार आली! बघा, कशी सणसणीत — मी हात लावला तसं सोडलंच हिनं! हरणे, माझे आये! ग्लास आणा. सर, ग्लास. हिकडं खालनं द्या. चरवी लांब हाय, ग्लास द्या पयला. सर. भुईवर चाललीया धार. ग्लास की ओ.

सर?

नाडी तशीच सुटल्याली हाय तुमची.

सर, एक काम करतो. मी आता उठतो, हरणीला घेतो, आणि तिच्यासकट जाऊन पंचगंगंत उडी टाकतो. दोघंबी. काय म्हणतासा?

“हं. छान.”

छान म्हणलासा.

थांबा, उठतो. गुडघं — आई गं. हां. आता दिसलासा. काय बघतायसा एवढं हसत? माझाच फोटो व्हय. किती जणांनी बघितला? आणि काय काय लिवलंय खाली त्याची उत्तरं देत हुबं हाईसा मघापासनं, कासरा कवाच सुटलाय हातातनं. ओ, मी हितं हाय की. फोटोतला मी हितं हाय, हात लांब केला तर लागंल एवढ्यावर. न्हाय, न्हाय, सॉरी कशाला म्हणतासा. तुमच्यावर रागवायला मला तोंड कुठाय? दोन मिंटं झाली आसतील तुमची, लई तर वीस. माझी तीस वर्सं हाईत. ते शिबिर मीच घेतो पन्हाळ्यावर, तुमी बसा म्होरं.

आता वडगावची एस्टी धरतो. असाच, ह्याच पातळात, मिशीसकट. बघू दे अख्ख्या स्टँडला. तिला सांगतो, धोंडे, तू काय म्हणायचीस त्यातला एक शबुद मला ठाऊक न्हाय. इचारायचं तेवढं सगळ्यांस्नी इचारलं, कुणालाच ठाऊक न्हाय. पर तुझ्या जागंवर बसून आलोय. आता तू हुबी ऱ्हा नायतर बस, पर मधे म्हस नको. म्हण परत पयल्यापासनं. येती का न्हाय ते तिचं ती बघंल, मी इचारणार न्हाय. ऐकून घिऊन मग काय ते.

जावा सर तुमी. तुमास्नी उशीर हुतोय. ग्लास ठेवा तिथं. आणि ढग आल्यात, जाताना तेवढं पेंडीचं पोतं झाकून जावा.

... सर?

बघ हरणे. गेलं तसंच.

ती झाकून गेलती.